अर्धवट काम नजरेसमोर असू द्या

गेल्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं, की घरकाम, नोकरी, मुलांच्या परीक्षा या सगळ्यात आपल्या हाताने काही नवं करायची ओढ तुम्ही कशी जिवंत ठेवता? पत्रं भरपूर आली. उत्तरांपेक्षा त्यांत प्रश्नच जास्त होते. त्यातले चार इथे घेते. पत्रं लांबलचक होती, म्हणून सार तेवढं दिलं आहे, आणि नावं मुद्दाम गाळली आहेत.

बाई, सप्रेम नमस्कार. मी म्हापशाची, वय ४१. पणजीत एका बँकेत नोकरी करते. कॉलेजात असताना कविता लिहायचे, एकांकिकांचे कपडे स्वतः शिवायचे. आता सकाळी सव्वाआठची कदंब बस पकडायची, संध्याकाळी साडेसहाला घरी. मुलगा दहावीला. महिन्यातून एखादा रविवार मोकळा मिळतो. कपाटावरची शिवणाची पेटी खाली काढून, सगळं मांडून बसेपर्यंत कुणीतरी हाक मारतं. मग तशीच परत वर ठेवते. आपल्यात जे होतं ते आटलं, असं वाटायला लागलंय. हे परत येतं का?

अगो बाय, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी ‘कपाटावरची पेटी’पाशी अडले, कारण माझी पेटी पलंगाखाली होती.

फोंडा महालातल्या एका हायस्कुलात मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. त्यातली पहिली अकरा वर्षं मी स्वतःसाठी म्हणून एक रेघ ओढली नाही. एकत्र कुटुंब, दोन लहान मुलं, शाळेतून आणलेल्या वह्यांचा गठ्ठा. रंग ट्रंकेत, ट्रंक पलंगाखाली, पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. सुटीत निवांत बसू, असं दर वर्षी म्हणायचे. मे महिना यायचा, पाहुणे यायचे, आंबे-फणस यायचे, आणि जून उजाडायचा.

माझे डोळे उघडले ते सासूबाईंकडे बघून. दुपारची जेवणं आटोपली की त्या सोप्यावर बसायच्या. पुढ्यात सुपात आबोली, शेजारी भिजवलेला केळीच्या सोपाचा दोर. दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात. दोन फुलं या बाजूला, दोन त्या बाजूला, मध्ये हिरवं पान, फास, की पुढची चार. वीतभर फात, म्हणजे आबोलीची वेणी, होते न होते तोच गोठ्यातून गाय हंबरायची, नाहीतर दारात कुणी यायचं. त्या उठायच्या. फात तिथेच, ओल्या केळीच्या पानावर. अर्ध्या तासाने परत आल्या, की अंगठ्यात दोर अडकवला आणि पुढचं फूल. कुठवर आलो होतो ते शोधायचं नाही, काही आवरायचं नाही, मांडायचं नाही. मी एकदा म्हटलं, “आई, तुम्हांला बरा वेळ मिळतो.” त्या फातीवरून नजर न काढता म्हणाल्या, “वेळ खंय मेळटा गो? फुलां मुखार आसात म्हणून हात वता.”

फुलं समोर आहेत म्हणून हात जातो. त्या दिवशी संध्याकाळी मी ट्रंक उघडली. जुना पाट घेतला, त्यावर चार टाचण्यांनी कागद लावला आणि तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा केला. खिडकीच्या गजाला सुतळीने पेन्सिल बांधली, म्हणजे मुलं पळवणार नाहीत. घरात सगळ्यांना सांगितलं, या पाटाला कुणी हात लावायचा नाही, पुसायलाही नाही. पहिलं चित्र काढलं आदोळीचं. भात रटरटत होता तेवढ्यात बसले. रोज जिच्यावर नारळ खवते, तिच्या खवणीला दात किती आहेत ते मला सांगता येईना! उठून मोजावे लागले. पातं लाकडातून सरळ वर येतं अशी माझी समजूत होती; बघते तर ते आधी किंचित मागे झुकतं, मग पुढे वळतं, आणि म्हणूनच आपण त्यावर जोर देऊ शकतो. त्या एका आदोळीला नऊ दिवस लागले, कारण रोज मिळायची पाच-सात मिनिटं. पण नऊही दिवस ती माझ्याकडे बघत होती. शाळेत वर्ग घेतानाही मनात तिचं वळण चालू असायचं. अकरा वर्षांत जे सुचलं नाही ते त्या नऊ दिवसांत सुचायला लागलं.

म्हणून तुला सांगते, पेटी कपाटावरून कायमची खाली काढ. सगळी पसरायला जागा नसेल तर नको. एक सूप ठेव. त्यात एकच काम, अर्धं झालेलं, सुई कापडात टोचलेली. टीव्हीशेजारी, देवघराबाहेर, जिथे येता-जाता नजर पडेल तिथे. उठावं लागलं तर टाका पुरा करायच्या नादाला लागू नकोस, मध्येच ऊठ. पुरं करून उठलं की परत बसताना नव्याने सुरुवात करावी लागते, आणि दमलेल्या माणसाला सुरुवातच जड जाते. मोकळ्या रविवारची वाट बघणं सोड. मोकळ्या रविवारी आपल्याकडून एवढं मोठं काही अपेक्षित असतं, की त्या ओझ्यानेच हात उचलत नाही.

कवितेचं म्हणशील तर तुझ्या हातात कदंबचं तिकीट आहे. म्हापसा-पणजी तेरा-चौदा किलोमीटर, अर्धा तास तरी बसायचंच. तिकिटाच्या पाठीवर मावेल एवढंच लिहायचं: काल नव्हतं असं आज काय दिसलं. गिरीची शेतं तर रोज बदलतात. पाणी चढतं, बगळे येतात, तरवा हिरवा होतो, मग एक दिवस पिवळा दिसतो. पर्वरीच्या गर्दीत गाडी थांबली तर आणखी बरं. मांडवीच्या पुलावर आलीस की नदीचा रंग बघ आणि त्याला ‘निळा’ म्हणायचं नाही, एवढी एकच अट घाल. भरतीच्या वेळी वेगळा, पहिल्या पावसाने गढूळल्यावर वेगळा. महिन्याने ती तिकिटं एका डब्यात जमली की तुला कळेल, आटलं काहीच नव्हतं. आपले बोरीचे बाकीबाब, बा. भ. बोरकर, आधी शाळेत शिकवत होते, पुढे आकाशवाणीत नोकरीला होते. त्यांचाही दिवस चोवीस तासांचाच होता.

आणि तू गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची माटोळी विसरलीस बरं का. चवथ जवळ आली. तुझ्या घरी गणपती असेलच. नसला तर शेजारी असेल. चौकट तीच, छपराला टांगायची जागा तीच, दोर केवणीचा, आणि जंगलात-बाजारात मिळतं तेच: नारळ, सुपारीचं शिपटं, केळीचा घड, तोरिंगण, कांगलां, घागऱ्यो, कवंडळं, माट्टी. तरी दोन घरांतल्या माटोळ्या कधी सारख्या पाहिल्यास? जड नारळ कोपऱ्यांना घेतले नाहीत तर चौकट एका अंगाला कलते. कांगलांचा भडक रंग एकाच बाजूला गेला तर नजर तिथेच अडकते. मी चित्रकलेच्या तासाला ज्याला ‘तोल’ म्हणून फळ्यावर शिकवत असे, ते आपल्या घरातले पुरुष स्टुलावर उभे राहून, मान वर करून, एकमेकांशी वाद घालत दर वर्षी करतात. सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेतं; तिथे शेकडो प्रकारची फळं-बिया-पानं बांधणारे लोक येतात. त्यातले बहुतेक शेतीवाडी सांभाळून हे करतात. यंदा म्हापशाच्या माटोळी बाजारात जाशील तेव्हा यादी घरी ठेवून जा. नुसतं रंग बघत हिंड, आणि तुझ्या माटोळीचा मधला भाग तू स्वतः बांध.

आदरणीय बाई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, आम्ही मडगावला असतो. घराच्या भिंती रंगवून ठेवायचा, म्हणून त्याला चित्रकलेच्या क्लासला घातलं. तिथे दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी असं ठरलेलं चित्र काढून घेतात. एकदा त्याने हत्ती जांभळा रंगवला, तर खोडून करड्या रंगाचा करायला लावला. आता तो म्हणतो, मला येत नाही. भिंतीवरही काढत नाही. काय करू?

तुमचं पत्र वाचून जीव तुटला. भिंतीवर काढणं थांबलं यात तुम्हांला समाधान वाटलं नाही, उलट काळजी वाटली, हे वाचून तुमच्याविषयी फार आदर वाटला.

तुमच्या मडगावपासून जवळच लोटलीला व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं घर आहे. ते लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढत. त्यांच्या आईने काय केलं, तर त्यांना एक कोरी वही आणून दिली. त्या वहीला ते ‘डायरी’ म्हणू लागले आणि दिवसभरात पाहिलेली माणसं तिच्यात काढू लागले. गावातले लोक, पाद्री, लग्नं, भांडणं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. भिंत बंद करताना त्या आईने दुसरी जागा उघडून दिली.

तुम्हीही वही आणा. रेघांची नको, चौकटीची नको, ‘रंग भरा’वाली तर अजिबात नको. वहीवर तारीख फक्त त्याने घालायची. तिच्यात काय काढलंय ते त्याने दाखवलं तरच बघायचं. आणि दाखवलं की ‘छान’ म्हणू नका. मुलांना ‘छान’ फार लवकर कळतं. पुढच्या वेळी ती छान म्हणून घेण्यासाठी काढतात. त्यापेक्षा विचारा, “हा जांभळा कुठून आणलास? याच्या पायाशी हे काय आहे?” तो सांगत बसेल. ऐकायला वेळ काढा, कारण सांगता सांगताच त्याला पुढचं चित्र सुचतं.

डोंगर-सूर्य-झोपडीचं मला नवल नाही. माझ्या वर्गातही दर वर्षी पाचवीत चाळीस मुलं यायची आणि ‘हवं ते काढा’ म्हटलं की चाळीस सूर्य दोन डोंगरांमधून उगवायचे. त्यातल्या निम्म्यांच्या घरी तसले डोंगरही नव्हते, तसली झोपडीही नव्हती. चिऱ्याची घरं, कौलं आणि अंगणात तुळस होती. एका वर्षी मी मुलांना शाळेच्या मागे नेलं. तिथे कंपाउंडसाठी आणलेले चिरे रचले होते. प्रत्येकाने एक चिरा निवडायचा आणि तेवढाच काढायचा. मुलं कुरकुरली, दगड काय काढायचा? मग एकाला दिसलं की भोकांमध्ये आणखी बारीक भोकं आहेत. दुसऱ्याला एका भोकात मुंग्यांची रांग सापडली. एक मुलगी म्हणाली, “टीचर, ह्यो फातर लाल ना. ह्यो हळदुवो.” खरंच होतं. नुकताच खाणीतून काढलेला चिरा आत पिवळसर-नारिंगी असतो, मऊ असतो, वारा-ऊन लागून घट्ट होतो आणि काळवंडत जातो. नव्या आणि जुन्या चिऱ्याचा रंग वेगळा का, यावर मुलं आपापसात बोलायला लागली. तासाची घंटा झाली तरी कुणी उठेना. चाळीस चित्रं जमली, त्यातली दोन सारखी नव्हती. ती मी अजून जपून ठेवली आहेत. आतापर्यंत तीन घरं बदलली, पण तो गठ्ठा बरोबर आला.

तुमच्या मुलाला क्लासमधून काढा असं मी सांगणार नाही, ते तुम्ही घरात ठरवा. पण आठवड्यातून एकदा त्याच्याबरोबर बसून तुम्हीही काढा. एकच वस्तू दोघांनी. एक बांगडा घ्या, दोन कागद घ्या. तुमचा बांगडा वाकडा आला तर त्याला दिसू द्या. “बाबालाही येत नाही, तरी बाबा काढतो,” हे त्याने डोळ्यांनी बघितलं पाहिजे. मग फोडणीला टाका तो बांगडा.

मी वाळपईचा, सरकारी नोकरीतून निवृत्त, वय ६६. हातात वेळच वेळ आहे. कोणता क्लास लावावा? चित्रकला, बासरी की लेखन?

भाऊ, आपल्या गावच्या देवळाच्या उत्सवात नाटक होतं ना? त्याच्या तालमीला जाऊन बसा. क्लासमध्ये तुम्ही विद्यार्थी असाल. तालमीत तुमची गरज असेल. कुणीतरी संहिता धरून बसायला हवं असतं, पडद्यामागे हाक द्यायला हवं असतं, राजाच्या मुकुटाला चंदेरी कागद लावायचा असतो. महिनाभर तिथे बसल्यावर तुमचा हात आपणहून कशाकडे वळतो ते बघा आणि मग हवा तर त्याचा क्लास लावा. बासरी मनात असेल तर मात्र थांबू नका. फुंक बसायला वेळ लागतो, आजपासूनच धरा.

बाई, मी डिचोलीची, बारावीत आहे. मला रांगोळीचं वेड आहे. मोबाइलवर बघून काढते. ताई म्हणते, ही नक्कल झाली, यात तुझं काय? मला वाईट वाटलं. नक्कल करणं चूक आहे का?

पुता, अजिबात चूक नाही. तुझ्या ताईलाही हे वाच.

आपल्या गोव्याच्या दोन थोर गायिका. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. दोघीही अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. केसरबाईंची तालीम १९२१ साली सुरू झाली आणि वर्षानुवर्षं चालली. ती तालीम म्हणजे काय, तर गुरूने गाताना घेतलेली जागा, म्हणजे सुरांचं वळण, तशीच्या तशी घ्यायची. जमेपर्यंत शंभरदा. एकच घराणं, एकच गुरू, तेच राग. तरी दोघींच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आळीपाळीने लाव, गाण्यातलं काही न कळणाऱ्यालाही दोन निराळ्या बायका ऐकू येतील. १९७७ साली व्हॉयेजर यानातून पृथ्वीवरचं संगीत म्हणून जे अंतराळात पाठवलं, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. नक्कल करत करतच हे गळे घडले.

फक्त एक गोष्ट कर. मोबाइल समोर ठेवून जी रांगोळी काढलीस, तीच दुसऱ्या दिवशी मोबाइल आत ठेवून काढ. साधी घे, सात ते चार. चार, पाच, सहा, सात, मग परत सहा, पाच, चार. सदतीस ठिपके होतात. कालची रेघ आठवून जोडायला लाग. कुठेतरी अडशील. पाकळी इकडून वळवली होती की तिकडून? तिथे आत जाऊन मोबाइल बघायचा मोह होईल. जाऊ नकोस. उकिडवी बसून त्या ठिपक्यांकडे बघ, चिमटीत रांगोळी तशीच धरून. कुठला ठिपका एकटा पडलाय, त्याला कुणाशी जोडता येईल ते बघ आणि तुला वाटेल तिथून रेघ ने. चुकली तर बोटाने पुसायला अंगण आपलंच आहे. मला शाळेत मुलींची हीच घडी बघायला फार आवडायची. हात हवेत थांबलेला, आणि मग खाली येणारी ती पहिली रेघ.

आता श्रावण आहे, अंगण ओलं असेल, तर ओसरीत काढ. अशा सात रांगोळ्या काढ, आणि प्रत्येकीत कुठे अडलीस आणि मग रेघ कुठून नेलीस ते वहीत ठिपक्यांसकट उतरवून ठेव. चवथ झाली की ते पान मला पाठव. ताईलाही एक काढायला लाव, तिची कुठे अडते तेही मला बघायचंय.